निर्दोष ठरलेल्या मित्राच्या नावाच्या पट्टीवर तुरुंगाचा उल्लेख करावा का?

भीमाकाठ
मंडळी, एका बाबतीत सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो.

माझा एक मित्र होता. पंचक्रोशीत त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, इथंही तेच म्हणतो. सुतारकामात हात असा की गुण्या लावायच्या आधीच चौकट काटकोनात बसलेली असायची. २००९ मध्ये शेजारच्या वस्तीवर बांधावरून मारामारी झाली आणि त्यात एक माणूस गेला. फिर्याद झाली, अकरा जण आरोपी. मिस्त्रीचं त्या भावकीशी कसलंही नातं नव्हतं. वर्षभर आधी त्याच बांधाची सरकारी मोजणी झाली होती आणि पंचनाम्यावर पंच म्हणून त्याची सही होती, एवढाच संबंध. मारामारीच्या दिवशी तो तालुक्याच्या गावी एका घराच्या खिडक्या बसवत होता. घरमालकानं कोर्टात येऊन तसं सांगितलं. तरी २०१२ मध्ये सगळ्यांबरोबर त्यालाही जन्मठेप लागली.

उच्च न्यायालयात अपील केलं, ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. २०२० मध्ये करोनामुळे आपत्कालीन पॅरोल मिळाला आणि तो घरी आला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेला. वहिनींनी अपील पुढं चालवलं. २०२४ मध्ये निकाल लागला, मिस्त्री निर्दोष.

आता प्रश्न असा. घरी असताना त्यानं आमच्या झेडपीच्या शाळेतले मोडके बाक दुरुस्त करून दिले होते. येत्या चैत्रात त्याला जाऊन पाच वर्षं होतील. त्याच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा शाळेसाठी पुस्तकांचं सागवानी कपाट करतोय, त्यावर पितळी पट्टी बसवायची आहे. वहिनींचं म्हणणं, नावाखाली स्पष्ट लिहा: '२००९ पासून विनाअपराध कैदेत. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाकडून निर्दोष.' मुख्याध्यापक तयार आहेत. गावातल्या काही जाणत्या लोकांना मात्र ते नको आहे. शाळेच्या वस्तूवर तुरुंगाचं नाव कशाला, असं ते म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा
लिहा. बिनधास्त लिहा.

रानजाई
नक्की लिहा. माझ्या वडिलांवर अपहाराची खोटी केस झाली होती. अटकेची बातमी पेपरात फोटोसकट आली, चार कॉलम. पुढं ते सुटले तेव्हा आईनं आठवडाभर रोज पेपर उलटून पाहिला. एक ओळही आली नाही. आजही गावाकडं लग्नाकार्यात कुणीतरी हळूच विचारतं, 'तुमच्या वडिलांचं ते प्रकरण मिटलं का हो?' मिटलं नव्हतं, खोटं ठरलं होतं. हा फरक लोकांपर्यंत पोचवायला एखादी पट्टी तरी हवीच. वहिनींचं बरोबर आहे.

जुना_जाणता
मी वेगळं मत मांडतो. चौतीस वर्षं शिक्षक होतो, त्यामुळं शाळेच्या बाजूनं बोलतो. माणसाची आठवण त्यानं केलेल्या कामानं राहावी. दुसऱ्यांनी त्याच्यावर केलेल्या अन्यायानं कशाला? मिस्त्रींनी बाक केले, पोरगा तयार केला, पंचाची सही खरेपणानं केली. हे लिहा की. 'कैदेत' हे अक्षर एकदा पितळेवर कोरलं की नाव उच्चारताना तेच आधी वाचलं जाणार. तिसरीतलं पोर 'विनाअपराध' वाचणार नाही, 'कैदेत' वाचेल आणि घरी जाऊन विचारेल.

कोकणकडा
@जुना_जाणता, घरी जाऊन विचारलं तर चांगलंच की सर. विचारू दे, आईबापांना सांगावं लागेल.

वकिलीण
भीमाकाठ, आधी सहवेदना. माझ्या कामाचा विषय आहे म्हणून दोन गोष्टी विचारते. त्यांचं नाव पहिल्या फिर्यादीत होतं की नंतर आलं? आणि उच्च न्यायालयानं नेमकं कशावर सोडलं? पट्टीवरच्या मजकुराचा त्याच्याशी संबंध आहे.

भीमाकाठ
@वकिलीण, फिर्यादीत दहाच नावं होती. मिस्त्रीचं अकरावं, चार दिवसांनी पुरवणी जबाबात आलं. ज्या साक्षीदारानं पहिल्या दिवशी दहा जणांची नावं हत्यारांसकट सांगितली, त्याला मिस्त्री चार दिवसांनी आठवला. उच्च न्यायालयानं त्यावरच बोट ठेवलं. शिवाय खिडक्यांच्या घरमालकाची साक्ष खालच्या कोर्टानं बाजूला सारली होती, ती विश्वासार्ह धरली. अकरापैकी सहा जणांची शिक्षा कायम राहिली.

वकिलीण
तेच वाटलं होतं. इतरांसाठी थोडं समजावते.

बेकायदा जमावाचं कलम, जुन्या, २०२४ पर्यंतच्या भारतीय दंड विधानातलं १४९, असं आहे की जमावाचा समान उद्देश सिद्ध झाला तर वार कुणी केला हे वेगळं दाखवावं लागत नाही. जमावात असणंच पुरतं. म्हणून गावाकडच्या भांडणात समोरच्या घरातले सगळे बाप्ये फिर्यादीत घालायची पद्धत पडली आहे. शेती करायला, कोर्टात धावायला कुणी उरू नये हा हिशेब. सोबत ज्याच्यावर जुना राग आहे तोही आत जातो. न्यायालयांना हे माहीत आहे, अशा खटल्यांत प्रत्येकाचं नाव वेगळं तपासावं असं सर्वोच्च न्यायालयानंही वेळोवेळी सांगितलं आहे. पण अकरा आरोपी एका पिंजऱ्यात उभे असले की खालच्या कोर्टात ते अनेकदा होत नाही. 'मी तिथं नव्हतोच' हे सिद्ध करायचा भारही आरोपीवरच असतो.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. आरोपी वारला की कैदेच्या शिक्षेविरुद्धचं त्याचं अपील आपोआप संपतं. दंड प्रक्रिया संहितेच्या ३९४ कलमात एक वाट ठेवली होती: नवरा-बायको, आईवडील, मुलंबाळं किंवा भावंडं यांपैकी कुणी मृत्यूपासून ३० दिवसांत अर्ज केला तर अपील पुढं चालवता येतं. फार थोड्या घरांना हे माहीत असतं. माणूसच गेला, आता कोर्ट कशाला, म्हणून सोडून देतात. मग कागदावर तो कायमचा खुनी राहतो.

भीमाकाठ
अर्ज तेराव्याच्या आधी टाकला. वकील फोनवर म्हणाले, करोनामुळे सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या मुदती वाढवून दिल्या आहेत, घाई नाही. वहिनी म्हणाल्या, मुदतीचं तुम्ही बघा, माझी सही आजच घ्या.

रानजाई
वाचून डोळे भरून आले.

तटस्थ
एक शंका, राग मानू नका. पुरवणी जबाब अविश्वसनीय ठरला, म्हणजे संशयाचा फायदा मिळाला ना? 'निर्दोष' कोरणं कायद्याला धरून होईल का? संशयाचा फायदा मिळून खरे गुन्हेगारही सुटतात.

वकिलीण
@तटस्थ, प्रश्न रास्त आहे. आपल्या कायद्यात दोनच निकाल आहेत, दोषी किंवा निर्दोष. अर्धवट दोषी असं काही नसतं. निकालपत्रातली भाषा कमीअधिक जोरकस असते हे खरं, पण इथं न्यायालयानं गैरहजेरीची साक्ष स्वीकारली आहे. तो माणूस तिथं नव्हता, असं मान्य झालं. याहून स्वच्छ सुटका क्वचितच होते.

शेवंता
मी या धाग्यावर लिहू की नको, असा विचार करत होते. माझ्या काकांचा खून झाला होता, असाच, जमिनीवरून. आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. आरोपी सुटले त्या दिवशी त्यांच्या दारात गुलाल उधळला, तो वाऱ्यानं आमच्या अंगणात आला. मिस्त्रींवर अन्याय झाला यात मला शंका नाही. पण ज्या घरचा माणूस गेला त्या घरातली पोरं त्याच शाळेत आहेत का? असतील तर त्यांनी ती पट्टी रोज वाचायची आहे. एवढंच डोक्यात ठेवा.

भीमाकाठ
शेवंताताई, आहेत. त्या घरची दोन नातवंडं त्याच शाळेत आहेत, एक तिसरीत, एक पाचवीत. गावातल्या विरोधाचं खरं कारण तेच आहे, मी पहिल्या पोस्टमध्ये नीट मांडलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

जुना_जाणता
शेवंताताईंनी नेमकं सांगितलं. मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

निवृत्त_शिपाई
मी कारागृहात नोकरी केली. मिस्त्रींना ओळखत नाही, पण त्यांच्यासारखे पाहिले. 'मी केलं नाही' असं आत सगळेच म्हणतात असा समज आहे. तसं नाही. जन्मठेपेचा बंदी पाच-सात वर्षांनी आपण काय केलं ते बरोबरच्याला सरळ सांगतो. जो शेवटपर्यंत एकच गोष्ट एकाच पद्धतीनं सांगतो, त्याच्याबद्दल आम्हा शिपायांच्यातही बोलणं व्हायचं.

आपत्कालीन पॅरोलचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मे २०२० मध्ये राज्यानं पॅरोलचे नियम बदलले. सात वर्षांहून मोठी शिक्षा असेल तर अट होती, आधीच्या दोन सुट्यांवरून, मग ती संचित रजा (शिक्षेचा ठरावीक काळ भोगल्यावर मिळणारी सुट्टी) असो की पॅरोल, बंदी वेळेवर परत आलेला असावा. सुरुवातीला ४५ दिवस, मग ३०-३० दिवसांची वाढ. दर महिन्याला ठाण्यात हजेरी. म्हणजे मिस्त्री आधी दोनदा घरी येऊन, बायकापोरं बघून, ठरल्या दिवशी स्वतःच्या पायानं परत आत गेले होते. न केलेल्या गुन्ह्यासाठी. ते परत गेले नसते तर २०२० मध्ये सुटले नसते.

आणखी एक. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. घरी काढलेला तो काळ शिक्षेतून वजा झाला नसता. मे २०२२ मध्ये सरकारनं सगळ्यांना परत बोलावलं, तेव्हा ते असते तर मागचा हिशेब जिथं थांबला तिथून सुरू झाला असता.

कोकणकडा
हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं पॅरोल म्हणजे सुटका.

मिशिगनकर
@कोकणकडा, आमच्याकडे अमेरिकेत पॅरोल म्हणजे बहुतेक वेळा तीच असते, उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढायची. पण तिथं वेगळा पेच आहे. पॅरोल बोर्डापुढं पश्चात्ताप दाखवावा लागतो. ज्यानं गुन्हा केलाच नाही त्यानं कबूल केलं तर सुटायची शक्यता वाढते, नाही म्हटलं तर 'याला पश्चात्ताप नाही' म्हणून आत राहतो. आमच्याच राज्यातले रिचर्ड फिलिप्स ४६ वर्षं आत होते आणि २०१८ मध्ये निर्दोष ठरले. आत असताना ते जलरंगात चित्रं काढायचे. मिशिगनमध्ये २०१६ चा कायदा आहे, चुकीच्या कैदेच्या प्रत्येक वर्षामागे ५०,००० डॉलर. मिस्त्रींच्या घरच्यांना काही भरपाई?

भीमाकाठ
काही नाही. सुटकेच्या निकालाबरोबर भरपाई येत नाही. वेगळी याचिका करा म्हणतात.

बाराखडी
भरपाईचा आपल्याकडे हक्क म्हणून कायदाच नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल याच विषयावर दिला, चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयं आणि भरपाईची चौकट सुचवली. कायदा अजून झालेला नाही. न्यायालयं त्यांना वाटलं तर देतात. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत तुरुंगातच होते, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकूण ३५,००० रुपये दिले.

आपल्या राज्यातलं सांगतो. २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढं त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष ठरवलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, ते दडवून ठेवलं गेलं होतं. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

आणि मरणोत्तर निर्दोष ठरणं. मुंबईतल्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना सोडलं. त्यातले एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या कारागृहात करोनानं वारले होते.

तटस्थ
@बाराखडी, त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती आहे ना?

बाराखडी
इतर खटल्यांत तो दाखला म्हणून वापरू नये, एवढ्यापुरती स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

माणदेशी
विषयाला थोडं सोडून. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये वसवलेली खुली वसाहत, जन्मठेपेचे बंदी बायकापोरांसकट राहतात आणि शेती करतात. भिंत नाही. लहानपणी आम्ही त्यांच्या पोरांबरोबर शाळेत होतो. कुणाच्या बापानं काय केलं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि मधल्या सुट्टीत ते कुणाच्या ध्यानातही नसायचं. म्हणून जुना_जाणता सरांना नम्रपणे सांगतो, पोरांना झेपतं. अडचण मोठ्यांना होते.

कोकणकडा
भीमाकाठ, मिस्त्रींचे किस्से सांगा की राव. सगळा धागा कलमांनी भरला.

भीमाकाठ
सांगतो, मलाही तेच लिहायचं होतं.

तो आला तेव्हा गाव कडेकोट बंद. चौकात चिटपाखरू नाही. मास्क लावून माझ्या ओट्यापासून सहा हातांवर उभा राहिला आणि म्हणाला, 'मला सोडला आणि अख्खं गाव बराकीत घातलं व्हय रं?' इतका हसला की मास्क निसटला.

कारागृहात संध्याकाळचं जेवण लवकर उरकून बराकी बंद करतात. घरी आल्यावरही त्याला पाच वाजता कडकडून भूक लागायची. वहिनींनी न बोलता चूल चार वाजता पेटवायला सुरुवात केली. जेवला की ताट स्वतः घासायचा आणि उशाशी ठेवून झोपायचा. पोरीला ते बघवायचं नाही. ती रोज सकाळी गुपचूप ते ताट मांडणीवर लावायची, रात्री पुन्हा उशाशी. तो जाईपर्यंत ते तसंच चाललं.

आत सुतारकामाच्या विभागात होता, त्यामुळं हात उतरला नव्हता. पण त्याचा स्वतःचा रंधा अकरा वर्षं माळ्यावर पडून होता, पातं गंजून लाल. दगडावर पाणी टाकून दोन दिवस ते पातंच घासत बसला होता. मी म्हटलं, नवीन आणू. म्हणाला, 'याला कशाची शिक्षा?' मग शाळेचे बाक घेतले. फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं मापं लिहायची सवय होती, ती अजून तिथं आहेत, बाक उलटा केला की दिसतात.

हजेरीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालायचा. ठाण्यात जायला असला थाट कशाला विचारलं, तर म्हणाला, 'मी तिथं चोरासारखा का जाऊ?'

त्या साक्षीदाराचं नाव मात्र त्यानं माझ्यासमोर कधी घेतलं नाही. मी काढलं तर उठून जायचा.

रानजाई
'मी तिथं चोरासारखा का जाऊ?' भीमाकाठ, तुमचं उत्तर याच वाक्यात आहे. ज्या माणसाला ठाण्यात तोंड लपवायचं नव्हतं, त्याच्या पट्टीवर आपण का लपवायचं?

जुना_जाणता
किस्से वाचून माझं मत थोडं हललं, पण पूर्ण नाही. लिहायचंच तर 'कैदेत' ऐवजी न्यायालयाचा निकाल पुढं ठेवा. मिस्त्रींच्या नावाखाली काम, त्याखाली निकाल. भांडण, बांध, फिर्यादी, यातलं काही नको.

शेवंता
सरांशी सहमत. शिवाय एक करता येईल. पट्टी बसवायच्या आधी कुणी समजूतदार माणसानं त्या घरी जाऊन सांगावं, की असं लिहितोय आणि तुमच्याबद्दल यात काही नाही. आमच्याकडे तेव्हा कुणी आलं असतं तर त्या गुलालाचं इतकं लागलं नसतं.

निवृत्त_शिपाई
ताईंचं पटलं. पण विचारायला जाऊ नका, सांगायला जा. परवानगी मागायची गरज नाही.

वकिलीण
निकालपत्र गावात कुणी वाचलं आहे का? नसेल तर मिस्त्रींपुरती पानं मराठीत करून ग्रामसभेत वाचून दाखवा. पट्टीवर दोन ओळी पुरतात, गावाला मात्र कारणं कळायला हवीत. भाषांतर मी करून देते, पैसे नकोत.

भीमाकाठ
उशिरा लिहितोय, माफ करा. रविवारी वहिनींकडे बसलो होतो. तुमची सगळी उत्तरं पोरीनं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवंताताईंचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, त्या घरी मीच जाते. सोमवारी गेल्या. मी रस्त्यावर थांबलो होतो. चहा झाला नाही, पण त्यांना बसायला पाट दिला. त्या घरची म्हातारी एवढंच म्हणाली, 'सुतार त्यात नव्हता, हे मला कधीचं ठाऊक हाय.' वहिनी बाहेर आल्या त्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

कोकणकडा
म्हातारीला कधीपासून ठाऊक होतं?

भीमाकाठ
वहिनींनी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

शेवंता
हे वाचून मी आज काही करू शकले नाही.

रानजाई
मला राग आला, खरं सांगते. कोर्टात एका वाक्यानं अकरा वर्षं वाचली असती.

शेवंता
रानजाई, तुमचा राग बरोबर आहे. पण घरात खून झाल्यावर म्हाताऱ्या बाईला कोर्टात कोण बोलू देतं? आमच्या आजीला दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं.

वकिलीण
मजकुराचं काय ठरलं मग?

भीमाकाठ
वहिनींनी स्वतः सांगितला, जुना_जाणता सरांचा क्रम घेऊन. वर नाव. खाली 'सुतार. या शाळेचे बाक यांनी घडवले.' त्याखाली 'विनाअपराध शिक्षा भोगली. उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये निर्दोष ठरवलं.' 'कैद' काढलं, 'विनाअपराध' ठेवलं. त्यावर त्या ठाम आहेत. ग्रामसभा २६ जानेवारीची आहे, वाचन तेव्हाच करू. वकिलीणताई, निकालाची प्रमाणित प्रत उद्या स्कॅन करून तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

वकिलीण
पाठवा. पट्टी कोरायला टाकण्याआधी निकालाची तारीखही प्रतीवरूनच घ्या आणि नुसत्या सालाऐवजी पूर्ण तारीख टाका. जागा कमी पडली तर अक्षर लहान करा, तारीख गाळू नका.

जुना_जाणता
आणि 'न्यायालयानं' नको, 'न्यायालयाने' कोरा. शाळा आहे.

भीमाकाठ
हो सर. दोन्ही कळवतो कोरणाऱ्याला.